मोजणीत न धरलेली कोठी

मित्रांनो, मला कोठी म्हणतात. मी जुनी आहे हे खरं, पण अडगळ म्हणाल तर खबरदार. ठाकुर्लीला पूर्वेला चार मजल्यांची एक इमारत आहे. तिच्या तळमजल्यावर, दोन नंबरच्या घरात, स्वयंपाकघराच्या मागे मी आहे. सहा फूट लांब, चार फूट रुंद. खिडकी नाही, दाराच्या वर हवेपुरती एक जाळी आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी कोठी बघितलीही नसेल. हल्ली सामान पलंगाच्या पोटात नाहीतर माळ्यावर कोंबतात. पूर्वी धान्य, लोणची, जादा अंथरुणं, वर्षातून एकदा लागणारी पातेली ठेवायला वेगळी छोटी खोली असायची. ती मी.

इमारत बांधताना जिन्यामागे थोडी जागा उरली होती. हे घर घेणारे विठ्ठलराव बिल्डरच्या मागे लागले आणि त्यांनी ती आपल्या घरात घेतली. ते डोंबिवलीला एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात कामाला होते. सुट्टीच्या दिवशी येऊन त्यांनी माझ्यासाठी स्वतः घमेली उचलली. त्यांची बायको कलावती तेव्हा नवी नवरी होती. दाराची चौकट तिरकी बसलेली बघून ती गवंड्याला म्हणाली, "दादा, ओळंबा घरी विसरलात का?" तेव्हापासून मी तिला ओळखते, म्हणून अहो-जाहो करत नाही. गवंडी हसला, चौकट काही सरळ झाली नाही. माझं दार आजही खालून घासतं.

माझ्या आत कडाप्प्याच्या तीन फळ्या घातल्या. माणगावहून तिच्या माहेरचा तांदूळ यायचा तो माझ्याकडे. कोकमं, पापड, कुरडया, सगळं माझ्याकडे. रसिका आणि सुदेश, दोन्ही मुलं माझ्या जिवावर वाढली असं म्हटलं तरी चालेल. हॉलला सगळे मान देतात. हॉल करतो काय? टीव्ही बघतो. महिनाअखेरीला घर कोण चालवतं ते स्वयंपाकघराला विचारा.

पाहुणे आले की कलावती माझं दार उघडून दाखवायची. "हॉल काय, सगळ्यांकडेच असतो," ती म्हणायची. "कोठी आहे का कोणाकडे?" मला फार बरं वाटायचं.

मग दिवस फिरले. विठ्ठलराव गेले. तांदूळ पाच-पाच किलोच्या पिशवीतून यायला लागला. सुदेशचं लग्न झालं, दर्शना सून म्हणून आली आणि तिच्यामागोमाग मोठा फ्रिज आला. माझ्यात मोडका कूलर, बंद पडलेला मिक्सर आणि कोणी न वापरलेली सायकल येऊन पडली. महिना-महिना माझं दार उघडेना.

रसिकाला माजिवड्याला दिलं होतं, तेविसाव्या मजल्यावर. समोरच्या घरात मागाहून राहायला आलेल्या मंजुळाबाई सोसायटीच्या सेक्रेटरी. त्यांना कलावती दारात उभी राहून ऐकवायची, "आमच्या रसिकाकडे दोन-दोन बाथरूम आहेत हो." मंजुळाबाईही काही कमी नव्हत्या. "मग एका वेळी दोघींनी आंघोळ करायची सोय झाली," त्या म्हणायच्या.

यंदा ठरलं, इमारत पाडून नवी बांधायची. ज्याची आताची जागा साडेतीनशे फुटांच्या वर भरेल त्याला नव्या इमारतीत दोन बेडरूम, खाली भरेल त्याला एक. रविवारी प्रत्येक घराची मोजणी होणार होती.

त्याच्या आदल्या संध्याकाळी रसिका आली. हातात एकच बॅग. कानाखाली निळं पडलं होतं. "आई, तो हात उचलतो," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. मी आता परत जाणार नाही."

कलावतीने तिला पाणी दिलं. जवळ घेतलं. पण पहिला प्रश्न विचारला तो असा, "येताना कोणी बघितलं का?"

बाहेरच्या खोलीत सुदेश आणि दर्शना झोपत, स्वयंपाकघरात कलावती. रसिकाच म्हणाली, "मी कोठीत झोपते." त्यांनी कूलर आणि सायकल भंगारात काढली, मला झाडून पुसून घेतलं. इतक्या वर्षांनी माझ्या फरशीवर माणसाची पाठ टेकली.

सकाळी दहाला, सुदेश आणि दर्शना बाजारात गेले असताना, बेल वाजली. मंजुळाबाई आणि मोजणीची मुलगी दीप्ती.

"आत जा," कलावती दबक्या आवाजात म्हणाली. "मी सांगेपर्यंत बाहेर येऊ नकोस."

"आई, मी काय चोरी केलीय?"

"मंजुळा आलीय दारात. जा म्हटलं ना!"

माझं दार घासत बंद झालं. बाहेरून कडी लागली, कुलूप लागलं.

दीप्तीच्या हातात मोबाईलएवढं यंत्र होतं. त्यातून लाल ठिपका निघून भिंतीवर पडायचा आणि आकडा यायचा. स्वयंपाकघरात तो ठिपका माझ्या दारावर येऊन थांबला.

"आजी, हे काय आहे?"

"कपाट."

"जरा उघडता?"

"किल्ली मुलाकडे राहिलीय. आणि कपाटात काय बघायचं? बरण्या आहेत."

"मग राहू दे. कपाट, माळा आम्ही धरत नाही. जमिनीवर माणूस उभा राहू शकेल, तेवढीच जागा धरतो."

मित्रांनो, माझ्या आत तेव्हा एक माणूस उभं होतं. कडाप्प्याला पाठ लावून, श्वास रोखून. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. जी बाई मला मिरवायची, तिनेच मला कपाट करून टाकलं आणि पोटच्या मुलीला बरणी.

दोन आठवड्यांनी नोटीस बोर्डावर यादी लागली. दर्शना वाचून धावत आली.

"आई, आपली जागा तीनशे बेचाळीस लावलीय. कोठी धरलीच नाही!"

"मग काय झालं?"

"काय झालं काय? साडेतीनशेच्या खाली गेलो ना आपण. एकच बेडरूम मिळणार. शनिवारपर्यंत हरकत दिली तर रविवारी परत मोजतील."

"म्हणजे मंजुळेला आत घ्यायचं. काही नको. तिघांना अशी किती जागा लागते?"

दर्शना एरवी सासूला उलट बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "आपण राहू हो कसेही. पण ताईंना कुठे लपवणार? नव्या घरात कोठी नाही."

कलावती म्हणाली, "तोवर जाईल ती. राग निवला की जाईल."

रसिका भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मी जाणार नाही, आई. तुला जड होत असेल तर तसं सांग. मी डोंबिवलीला राहायला भाड्याची कॉट बघते."

दुसऱ्या दिवशी रसिका कामावर गेल्यावर कलावती माझ्यात आली. डब्यावर बसली. मग तिचं वर लक्ष गेलं. जाळीपासून फळीपर्यंत दोरी बांधली होती आणि तिच्यावर रसिकाचे कपडे वाळत होते. बाहेर, जिन्यासमोर, घराची चांगली लांब दोरी आहे. पण ती मंजुळाबाईंच्या दारासमोर आहे. दोन आठवडे ती पोर आपले कपडे माझ्या अंधारात वाळवत होती आणि कामावर निघताना ओढणी तोंडावर घेत होती. कलावतीने एक कुडता हातात घेतला. दोन दिवसांपूर्वी धुतला होता, तरी दमट. कुबट वास येत होता.

तिने तो नाकाशी धरला आणि ती रडायला लागली. विठ्ठलराव गेले तेव्हाही ती माझ्याकडेच येऊन रडली होती, माणसांसमोर नाही. आज मात्र डोळे पुसायला थांबली नाही. सगळे कपडे खांद्यावर टाकले, बाहेर गेली आणि मंजुळाबाईंच्या दारासमोरच्या दोरीवर एकेक कपडा झटकून, चिमटे लावून वाळत घातला.

परत आल्यावर ती दर्शनाला म्हणाली, "तो हरकतीचा कागद लिही. मी सही करते." चौथीपर्यंत शिकलेली बाई. तिने एकेक अक्षर जोडत आपलं पूर्ण नाव लिहिलं.

रविवारी दीप्ती पुन्हा आली. मागे मंजुळाबाई. रसिका ओट्यापाशी उभी होती, कुठेही गेली नव्हती.

"कलावती वहिनी, त्या दिवशी तर कपाट म्हणालात," मंजुळाबाई म्हणाल्या.

"खोटं बोलले."

कलावतीने माझ्या दाराची कडी काढली.

"कोठी आहे ती. आत माझी लेक राहते. सासर सोडून आलीय, कायमची. ज्याला काय विचारायचं असेल त्याने मला विचारा, तिला नाही." मग ती दीप्तीकडे वळली. "माणूस उभा राहतो का बघायचं होतं ना तुला? उभा राहतो, बसतो, झोपतोसुद्धा. घे मोजून."

मंजुळाबाईंनी रसिकाच्या कानाखालचा पुसट होत आलेला डाग बघितला आणि त्या एवढंच म्हणाल्या, "दार नीट धर गं, रसिका. खालून घासतंय."

रसिकाने दार धरलं. दीप्ती आत आली आणि तो लाल ठिपका माझ्या मागच्या भिंतीवर पडला. चोवीस फूट. तीनशे बेचाळीस आणि चोवीस, तीनशे सहासष्ट.

पुढच्या महिन्यात घर रिकामं होईल. मग मशीन येईल, आणि माझ्या विटा ट्रकमधून कुठल्यातरी खड्ड्यात जातील. त्याचं मला दुःख नाही म्हटलं तर ते खोटं ठरेल, आणि खोटं या घरात पुष्कळ झालं. पण नव्या घराचा नकाशा आला तेव्हा दर्शनाने दुसऱ्या बेडरूमवर पेन्सिलीने 'रसिकाताई' लिहिलं. कलावतीने ते वाचलं. "पेनाने लिही," ती म्हणाली.

मित्रांनो, घरात झाकायला खूप गोष्टी असतात. फुटक्या बरण्या झाका, मोडका मिक्सर झाका, कोणी काही म्हणणार नाही. पण घरातलं एखादं माणूस आपले ओले कपडे कुठे वाळत घालतं, तेवढं बघत जा. अंधारात घालत असेल तर उचला आणि उन्हात नेऊन घाला. समोरचं दार उघडं असलं तरी.