पाचव्या पेल्यानंतर

समजा, तुम्ही एका खोलीत बसला आहात. समोर वीस माणसं आहेत आणि ती सगळी तुमचंच बोलणं ऐकताहेत. तुम्ही मात्र गप्प. तोंड मिटलेलं, हात मांडीवर. कसं वाटेल? जरा विचार करून बघा, कारण त्या रविवारी मोठेकाका अगदी असेच बसले होते.

पाहुण्यांच्या कानांवर काळे हेडफोन होते आणि त्यांत काकांचा आवाज होता. कोपऱ्यातल्या स्टुलावरून काका त्यांचे चेहरे न्याहाळत होते. दोघंतिघं हसली. आता गोष्टीतला घोडा बिथरला, काकांनी ओळखलं.

ती खोली म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचा तबेला. टपाल नेणारे स्वार इथे दमलेला घोडा सोडून ताजा घ्यायचे. घोडे बांधायच्या लोखंडी कड्या अजून भिंतीत आहेत. पुढे काकांच्या आजोबांनी भोवतीच्या उतारावर द्राक्षं लावली, तबेल्यात वाइनची लाकडी पिंपं आली आणि वाइन चाखायला पाहुणे येऊ लागले. दारावर आता 'टेस्टिंग रूम' अशी पाटी आहे. घरातले मात्र "तबेल्यात पाहुणे आलेत" असंच म्हणतात आणि पाहुण्यांच्या कानावर ते जाऊ नये म्हणून जपतात.

काकांनी लग्न केलं नाही. मळा धाकट्या भावाने सांभाळला, त्याच्यामागे त्याच्या मुलाने. काकांच्या हातात छाटणीची कात्री दिली की नेमका चांगला फुटवा जायचा. "दादा, वेली घाबरतात रे तुला. तू आपलं बोलायचं काम कर," भाऊ एकदा म्हणाला. तेव्हापासून एकतीस वर्षं काका बोलत होते. पाच पेले, पाच गोष्टी.

त्यांची एक पद्धत होती. "आता एक घोट घ्या," म्हणायचं आणि थांबायचं. किती वेळ? शेवटच्या माणसाचा घोट गळ्याखाली उतरेपर्यंत. कुणी पेला उजेडात धरून बघत राहिलं, तर तितका वेळ.

पण आताशा पाहुणे बसने यायला लागले होते. एक बस रिकामी होते न होते तोच दुसरी फाटकाशी. पुतण्याची बायको दोन्हीकडे धावायची. काका तिला सूनबाईच म्हणत.

"काका, आज तिसऱ्या पेल्यालाच अर्धा तास झाला," ती एकदा म्हणाली.

"एक आजोबा होते गं. दात नव्हते त्यांना."

"वाइन चावतात का, काका?"

काका हसले. तीही हसली. पुढच्या आठवड्यात तिने आवाज टिपायचं यंत्र आणलं.

ती वाईट होती असं समजू नका. आवाज घुमू नये म्हणून तिने कोठीच्या खोलीत स्वतः रजया टांगल्या. मधल्या रजईच्या एका बाजूला काका आणि माइक, पलीकडे ती आणि यंत्र. काकांसाठी कोमट पाणी ठेवलं.

"नेहमी सांगता तसंच सांगा. भिंतीशी बोलतोय असं वाटायला नको."

"भिंत बरी," काका म्हणाले. "ती घड्याळ बघत नाही."

तीन दिवस रोज सकाळी हे चाललं. पाचवी गोष्ट सुरू असतानाच फाटकाशी हॉर्न वाजला आणि सूनबाई चवड्यांवर चालत हळूच बाहेर गेली. परत आली तेव्हा काका उठून गेले होते. तिने यंत्र बंद केलं. पुढे तिने पहिल्या चार गोष्टी नीट ऐकल्या, खोकला काढला, थांबायच्या जागी सगळीकडे चार-चार सेकंद ठेवले. पाचवी शेवटपर्यंत ऐकायला तिला सवड झाली नाही.

आणि रविवारी सकाळी काका इस्त्रीचा कोट घालून खाली आले, तेव्हा ती म्हणाली, "आज तुम्ही नुसतं बसा, काका. आज हे जमलं ना, की रोज हेच. तुम्हाला जिना उतरायचीसुद्धा दगदग नको."

काका बसले.

वीस पेले एकदम वर गेले, म्हणजे आवाजाने "घोट घ्या" म्हटलं असणार. एका बाईंचा पेला अजून ओठांशी होता, तोच बाकीचे कड्यांकडे वळले. बाईंनी घाईने गिळलं आणि त्याही वळल्या. त्यांच्यासाठी खोलीत एकटे काका थांबले होते.

भिंतीलगतच्या लांब बाकावर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी बसली होती. तिच्या पेल्यात द्राक्षाचा रस होता. हेडफोन डोक्याला मोठा होत होता, म्हणून तिने तो दोन्ही हातांनी धरला होता.

पाचवी गोष्ट हिमाची. एका वर्षी गोठवणाऱ्या थंडीने कोवळी पालवी करपायला लागली, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी वेलींच्या ओळींमधून शेकोट्या पेटवल्या आणि मळा वाचवला. ती संपली. लोकांनी हेडफोन काढायला हात वर नेले आणि हात तिथेच राहिले. आवाज अजून बोलत होता. आता तो गोष्टीतला नव्हता, घरातला होता.

"झालं का गं? बंद केलंस?" मग खुर्ची करकरली. "बरं. म्हणजे सगळं आता यात आलं. मग मी उद्यापासून बसायचं कुठं, सूनबाई?"

त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. त्या दिवशी काका रजईकडे बघत उत्तराची वाट बघत होते. पलीकडे कुणी नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिने ऐकलं आणि ती काही बोलली नाही, असं ते समजले. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

आता वीसही माणसं त्यांच्याकडे बघत होती. काकांना वाटलं, गोष्ट पोचली. ते हसले, कोट सारखा करून अर्धवट उठले. हिमाच्या गोष्टीनंतर कुणी ना कुणी प्रश्न विचारायचंच.

कुणी विचारलं नाही. माणसांनी नजरा खाली वळवल्या. हेडफोन एकेक करून टोपलीत पडले. "छान होतं हं," एक गृहस्थ टोपलीकडे बघत म्हणाले. सूनबाई बाहेर दुसऱ्या बसला हात करत होती. तबेला रिकामा व्हायला लागला.

काका उभेच होते. स्टुलावर परत बसावं की पेले गोळा करावेत, हे त्यांचं ठरत नव्हतं.

"चल गं," दारातून आईने हाक मारली.

मुलीने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. शेजारचं जाकीट उचललं आणि तेही मांडीवर घेतलं. बाक चांगला लांब होता, दहा माणसं सहज बसली असती. तरी काकांकडे बघत ती सरकली, मग आणखी सरकली, पार कडेपर्यंत.