ढिगाऱ्याखालचा स्तंभ

दादा पेन्सिलीने काढायचा आणि त्याची धाकटी बहीण त्यावर शाई चढवायची, असं त्या दोघांचं वर्षानुवर्षं चाललं होतं. दोघांचीही लग्नं राहून गेली. कोणी विचारलंच तर दादा म्हणायचा, "आमच्या घरात आधीच एवढे महावीर राहतात, आणखी माणूस आणून झोपवायचं कुठे?"

कॉमिक छापणाऱ्या त्या संस्थेत बहिणीला सगळे शाईताई म्हणत. तिच्या उजव्या हाताची बोटं कायम काळपट असायची. संस्थेच्या सहा मालिका निघत, प्रत्येकीचा नायक वेगळा. दादाचा नायक होता स्तंभ. त्याला उडता येत नसे, डोळ्यांतून आग काढता येत नसे. कोसळणारं काहीही तो खांद्यावर तोलून धरायचा, एवढंच. पूल, पाण्याच्या टाक्या, एकदा तर अख्खं जहाज. त्याचा चेहरा दादाने आरशात बघून काढला होता. तोच रुंद जबडा, तीच डाव्या भुवईतली खाच.

गेल्या वर्षी दादाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. तो नुसता छताकडे बघत पडून राहू लागला. शाईताईने त्याची खाट बाहेरच्या खोलीत, आपल्या टेबलाशेजारी आणली, म्हणजे काम करता करता लक्ष ठेवता येईल. स्तंभचं पेन्सिलकाम संस्थेने एका तरुण मुलीकडे दिलं. मोठ्या काचांमुळे तिला सगळे चष्मेवाली म्हणत. मुलगी गुणी होती, दादाला भेटून त्याच्या पाया पडून गेली होती.

त्यानंतर संस्थेने 'महाग्रहण' काढायचं ठरवलं. सहाही मालिकांची मिळून एकच मोठी कथा. काजळराज नावाचा खलनायक सूर्य गिळतो आणि सगळे नायक त्याच्याविरुद्ध एकत्र येतात. एका मालिकेच्या अंकात सुरू झालेली लढाई दुसऱ्या मालिकेच्या अंकात पुढे जाणार, तिथून तिसऱ्या. कथेच्या मधोमध स्तंभचा अंक होता. संपादकांनी शाईताईला बोलावून घेतलं आणि अंकाची संहिता पुढे सरकवली.

"यात स्तंभ मरतो," ते म्हणाले. "भुयारी स्टेशनचं छत धरून ठेवतो, बाकीचे निसटतात, आणि तो खाली चिरडला जातो."

"स्तंभच का?"

"अहो, एवढं मोठं ग्रहण लागलं आणि कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही, तर वाचक आपल्याला जोड्याने मारतील. आणि बाकीच्यांचे चित्रकार भांडायला येतील हो." बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. "म्हणजे, तसं नाही म्हणायचं मला."

"कळलं मला," शाईताई म्हणाली आणि संहिता घेऊन घरी आली. दुसऱ्या कोणाच्या ब्रशने स्तंभ मरावा, हे तिला त्याहून नकोसं होतं.

चष्मेवालीकडून आलेली सुरुवातीची पानं सुरळीत झाली. स्तंभ छत पेलून उभा राहतो त्या पानावर मात्र तिचा ब्रश थांबला. सगळी माणसं डावीकडे, जिन्याकडे पळत होती. स्तंभने त्यांच्याकडेच बघायला हवं होतं. पण त्याची नजर उजवीकडे होती, चौकटीच्या बाहेर.

तिने चष्मेवालीला फोन लावला. "अगं, हा बघतोय कुठे?"

"जिन्याकडे, ताई. माणसं सुटतायत की नाही ते बघतोय."

"नाही बघत."

चष्मेवालीने पान पाठवण्याआधी काढलेला फोटो शोधून मोबाइलवर धाडला. फोटोत स्तंभ जिन्याकडेच बघत होता. शाईताईने फोटो कागदाशेजारी धरला. रेघ न् रेघ तीच होती, फक्त बुबुळं सरकली होती. खाडाखोडीची खूण नव्हती. कागदावर बोट फिरवलं तर तो गुळगुळीत लागला.

उजेडाचा खेळ असेल म्हणून तिने कागद लावलेली पाटी फिरवली, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसली, चहा करायला उठली. परत येऊन बघते तो नजर चौकटीच्या दुसऱ्या टोकाला गेलेली. तिने पाटी पुन्हा फिरवली आणि या वेळी डोळे न हलवता वाट बघत बसली. बुबुळं हलताना तिला दिसली नाहीत. पण पापणी लवली आणि ती हललेली होती. कागद कसाही ठेवा, स्तंभ बघत होता तो दादाच्या खाटेकडे.

खाटेवर दादा नेहमीसारखा छताकडे डोळे लावून पडला होता. शाईताईला पहिल्यांदाच वाटलं, की तो नुसतं बघत नाहीये. ते छत खाली येऊ नये म्हणून त्याने नजरेनं धरून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी संपादकांचाच फोन आला. "शाईताई, एक विचारू? बाकीच्यांपैकी दोन मालिकांच्या अंकांत स्तंभ पाहुणा म्हणून आहे ना, तिथेही त्याचे डोळे भलतीकडेच आहेत. दोन्ही चित्रकार शपथेवर सांगतात, आम्ही असे काढले नाहीत. तुमची काही गंमत चाललीय का?"

"ती पानं माझ्याकडे आलेलीच नाहीत."

"तेच तर," संपादक म्हणाले. मग ते हळूच म्हणाले, "लवकर उरका हो हे."

शेवटचं पान उरलं होतं. छत सुटतं, स्लॅब खाली येतो, आणि अखेरच्या चौकटीत ढिगाऱ्याखाली स्तंभचा निष्प्राण चेहरा. टळटळीत दुपार होती, रस्त्यावरून भंगारवाला ओरडत चालला होता. शाईताईने स्लॅबच्या कडेवर पहिला फटकारा मारला आणि मागून घरघर ऐकू आली. दादाच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. तिने ब्रश उचलला. श्वास मोकळा झाला. योगायोग असेल, असं स्वतःला बजावून तिने पुन्हा ब्रश टेकवला. श्वास बंदच पडला. खाटेचा लोखंडी पाय करकरला, जणू वरून कोणी वजन ठेवलं.

तिने ब्रश फेकून दिला. दादाच्या उशाशी बसून ती त्याच्या छातीवरून हात फिरवत राहिली. "नाही मारत रे. नाही मारत तुला," ती म्हणत होती.

पण अंक छपाईला जायचा होता. शेवटी तिने मधला मार्ग काढला. स्लॅब पडलेला दाखवला, धूळ दाखवली, आणि चेहऱ्याच्या जागी नुसतं काळं भरलं. आत काय आहे ते दिसूच नये. एवढं केलं तेव्हा दादा कण्हला, पण श्वास चालू राहिला. संपादकांनी पान बघून मान डोलावली. "प्रेत दाखवलं नाहीत ते बरंच झालं. न दिसण्याचीच जास्त भीती वाटते."

अंक छापला गेला, दुकानांत लागला. शाईताईला वाटलं, सुटलो आपण दोघं.

दोन-तीन दिवसांनी दादाची उशी झटकताना तिच्या हाताला रेती लागली. करड्या सिमेंटची बारीक कच. तिने चादर बदलली. संध्याकाळी पुन्हा तीच कच, केसांत, कानांमागे, भुवईतल्या खाचेत. आठवड्यातून दोनदा दादाचं अंग पुसायला नर्सबाई येत. त्यांनी ओला टॉवेल पिळला तर पाणी गढूळ निघालं.

"वरच्या मजल्यावर बांधकाम काढलंय का कुणी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग हे काय?" नर्सबाईंनी दादाच्या छातीवरचा आडवा निळसर वळ दाखवला. सरळ, रुंद, पट्टीने आखल्यासारखा. "ताई, यांना कुठे दाबून-बिबून ठेवलं होतं का?"

शाईताईने वळावरून चादर ओढली. नर्सबाई गेल्यावर तिने अंक उघडला. शेवटच्या चौकटीतल्या त्या काळ्या भागाकडे बघताना तिच्या लक्षात आलं. आपण त्याला मरू दिलं नाही, पण बाहेरही काढलं नाही. जिवंतपणी ढिगाऱ्याखाली ठेवून वर काळं फासलं आणि कथा पुढे निघून गेली. पुढच्या अंकांत नायक आपापल्या लढाईत गुंतले होते. स्तंभचं नावही कोणाच्या तोंडी नव्हतं. त्याला शोधायला कोणी जाणारच नव्हतं.

ती तशीच उठून संपादकांकडे गेली. "महाग्रहणाच्या शेवटच्या भागात मला एक पान द्या."

"पान? संहिता कधीच बंद झाली, ताई. सूर्य सुटतो, सगळे हसतात, संपलं."

"अर्धं पान."

"वाचकांनी त्याचं सुतक पाळलं हो! पत्रांचा ढीग आलाय. आता त्याला उठवू?"

शेवटचा भागही चष्मेवालीच काढत होती. ती शाईताईच्या मागोमाग जिन्यापर्यंत आली. "उजवीकडचा खालचा कोपरा घ्या," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मी तिथे धूर काढणार होते. त्यांना सांगेन, धूरच आहे. ते कोपरे कुठे बघतात?" मग तिने चष्मा काढून पुसला. "मी काढून देऊ का स्तंभ?"

"बघ प्रयत्न करून."

चष्मेवालीने तिथेच पायरीवर बसून काढला. चेहरा हुबेहूब आला. पण डोळे भरेपर्यंत कपाळ पुसट झालेलं, कपाळ गडद करेपर्यंत जबडा गेलेला. तिने पेन्सिल उचलली. "तो येत नाहीये, ताई."

"ठेव तू. मी बघते," शाईताई म्हणाली.

आयुष्यात तिने कोऱ्या कागदावर काही काढलं नव्हतं. नेहमी खाली दादाची रेघ असायची. आता घरी आणलेल्या पानावर नुसता पांढरा कोपरा होता आणि शेजारी दादा फुटक्या भात्यासारखा श्वास घेत होता. आधी तिने स्लॅब काढला, तो जमला. मग तो उचलायला कोणीतरी हवं होतं. बाकीच्या नायकांपैकी एकेकाला काढून पाहिलं, पण ते कागदावर टिकेनात. ते सगळे त्या वेळी कथेत दुसरीकडे होते. शेवटी तिने कपाटाच्या आरशात बघितलं आणि जे दिसलं ते काढलं. मध्यम वयाची बाई, घरातला गाऊन, केस कसेतरी गुंडाळलेले. ती वाकून स्लॅबच्या कडेखाली खांदा घालत होती. तिला काढताना ब्रश अडखळला नाही. मग स्लॅबखालच्या अंधारात तिने पांढऱ्या रंगाने एक बारीक फट ठेवली, माणूस सरपटत निघेल एवढी.

मागे जोरात खोकल्याचा आवाज झाला. दादा कुशीवर वळला होता. वर्षभरात पहिल्यांदा. तो खोकत होता आणि चादरीवर करड्या थुंकीचे गोळे पडत होते. शाईताईने त्याला उठवून बसवलं, पाठ चोळली, पाणी पाजलं. पाणी पिऊन त्याने खोलीभर नजर फिरवली आणि घोगऱ्या, वाकड्या आवाजात विचारलं, "खिडकी… उघडी आहे ना?"

"आहे रे, दादा. सताड उघडी आहे."

ती रडत होती, म्हणून तिला लगेच कळलं नाही, की आपला उजवा खांदा वर उचलला जात नाहीये.

महाग्रहणाचा शेवटचा भाग निघाला. कोपऱ्यातल्या धुराकडे संपादकांनी खरंच बघितलं नाही, पण वाचकांनी बघितलं. ती गाऊनमधली बाई कोण, अशी विचारणा सुरू झाली. छापलेल्या अंकात ती एकटीच होती. फट रिकामी होती, खालून कोणीतरी नुकतंच निघून गेल्यासारखी. आणि ती अजून स्लॅब धरून उभी होती.

दादा हळूहळू चालायला लागला. ढिगाऱ्याखालचं तो फारसं सांगत नसे. एवढंच म्हणाला, की तिथे पोरांच्या हसण्याचे आवाज यायचे, पानं उलटल्याचे आवाज यायचे, आणि हाक मारली की सगळं गप्प व्हायचं. शाईताईचा खांदा मात्र रोज जड होत चालला. डॉक्टरांना काही सापडेना. एके सकाळी तिने केसांतून फणी फिरवली आणि फणीत रेती आली.

तिने ती दादाला दाखवली. दादाने अंक मागवला, कोपऱ्यातली बाई जवळ धरून बघितली, मग आपल्या बहिणीकडे बघितलं.

"मूर्ख," तो म्हणाला. "टेकू द्यायचा असतो. खांदा नाही."

त्याने डाव्या हातात पेन्सिल धरली. रेघ लहान पोरासारखी वाकडीतिकडी येत होती. छापलेल्या कागदावरच, त्या बाईच्या शेजारी, त्याने एक लाकडी ओंडका उभा केला. त्याला बराच वेळ लागला, कपाळावर घाम आला. मग त्याने अंक तिच्यापुढे सरकवला. शाईताईने उजवा हात डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवला आणि त्या वाकड्या रेघेवर शाई चढवली.

खांद्यावरचं ओझं थोडं हललं. गेलं नाही, पण हललं.

"एकाने नाही भागणार," ती म्हणाली.

"माहितीये," दादा म्हणाला आणि पेन्सिलीला टोक करायला त्याने ब्लेड मागितलं.