पांढऱ्या दोरीच्या चुंबळी

"दिलेलं परत मागायला आलासा व्हय आप्पा? लाज न्हाय वाटत?" अंबुबाई हसत हसतच म्हणाली. पण म्हणाली.

भरमू तिच्या दारात उभा. एका हातात प्लॅस्टिकची पिशवी, दुसऱ्या हातात गरम भांडं ठेवायचा स्टीलचा कोरा स्टँड.

"परत कुठं मागालोय? बदली द्यालोय की. चुंबळ दे, ह्यो घे."

"भांड्याचा धंदा काढलासा काय म्हातारपणी?"

"व्हय. गिऱ्हाईक तूच."

ती आत गेली आणि चुंबळ घेऊन आली. कधीकाळी पांढरीशुभ्र होती, आता काळपट. वीस-बावीस वर्षं तिच्या शेगडीजवळ पडून होती. आता परत द्यायची तर घाण कशी द्यायची, म्हणून अंबुबाईनं उंबऱ्यात येऊन ती चौकटीवर दोनदा आपटली. फट, फट. सकाळच्या उन्हात बारीक धूळ उठली. हळूहळू तिच्या केसांवर, पदरावर बसली.

झटकू नको. हे दोन शब्द भरमूच्या जिभेवर आले होते. तिथंच राहिले. कारण बोलला असता तर तिनं विचारलं असतं, का? आणि त्या 'का'ला उत्तर द्यायला तो तयार नव्हता.

त्यानं पिशवी पुढं केली. अंबुबाईनं चुंबळ आत टाकली आणि हात पदराला पुसले.

निपाणीजवळच्या साखर कारखान्यात भरमूनं एकतीस वर्षं काढली. काम लॅगिंगचं. वाफेच्या पाइपांना पांढरी दोरी गुंडाळायची, वरून पांढऱ्या पावडरीचा लेप द्यायचा. सिझन संपला की जुनं खरवडून काढायचं, नवं चढवायचं. संध्याकाळी बाहेर पडताना माणूस पिठाच्या गिरणीतनं आल्यासारखा दिसायचा. पोरी चिडवायच्या, "आप्पा, आमचंबी दळण आणा की!"

उरलेले दोरीचे तुकडे फेकून द्यायचे असत. भरमू ते घरी आणायचा आणि जेवल्यावर पायरीवर बसून चुंबळी विणायचा. तीन पदरी, घट्ट. सुरुवात कुठं, शेवट कुठं, कळायचं नाही. आणि मुख्य म्हणजे जळायची नाही. तो स्वतः चुलीत धरून दाखवायचा. बायका तोंडावर हात ठेवायच्या. मग गल्लीत लग्न असो, घरभरणी असो, भरमूची चुंबळ ठरलेली. त्याचं स्वतःचं पोरबाळ काही झालं नाही. पण चौदा घरांत त्याच्या हातची वस्तू रोज चुलीपाशी असायची, आणि एकट्या माणसाला तेवढं पुष्कळ होतं.

मागच्या महिन्यात बेळगावच्या दवाखान्यात त्याच्या छातीतनं पाणी काढलं. मग आतला मांसाचा तुकडा तपासायला गेला. मग डॉक्टरनं खुर्ची जवळ ओढली आणि कॅन्सर म्हणाला. फुफ्फुसावरच्या आवरणाचा. त्या पांढऱ्या दोरीचा. ॲस्बेस्टॉस नाव होतं तिचं. एकतीस वर्षांत भरमूला दोरीचं नाव माहीत नव्हतं.

फॉर्म भरून घ्यायला दीप्ती मॅडम होत्या. आजारी माणसांना कागदपत्रांत मदत करायची, घरच्यांना समजावायचं, हे त्यांचं काम. काम काय करत होता, किती वर्षं, सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, "काका, कामाचे कपडे घरी कोण धुवायचं?"

"बायको. राजाबाई."

"कशा धुवायच्या?"

"आदी दारात झटकायची. मग पाण्यात घालायची."

"त्या आहेत?"

"अकरा वर्सं झाली जाऊन. तिच्याबी छातीत पाणी झालतं. टीबी म्हणून गोळ्या दिल्या."

मॅडमचं पेन थांबलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग भरमूनंच चुंबळींचं सांगितलं. मॅडमनी नीट समजावलं. ज्यांच्याकडं आहेत ती सगळी आजारी पडतील असं नाही, पण घरात ठेवू नयेत. आधी ओली करायची. झटकायची नाही, जाळायची नाही. दोन पिशव्यांत बांधून इकडं आणा, पुढं कुठं द्यायची ते मी बघते. "आणि काका, लोकांना खरं सांगा. आणि पुढच्या वेळी एकटे येऊ नका."

त्यानं मान हलवली. दोन्हींतलं काहीच केलं नाही. खरं सांगायचं म्हणजे दोरीचं सांगायचं. दोरीचं सांगितलं की राजाबाईचं आलंच. गल्लीतल्या सगळ्या बायकांनी तिला दारात उभी राहून त्याचा सदरा झटकताना पाहिलं होतं.

त्यापेक्षा स्टँड बरा.

अंबुबाईची चुंबळ तेरावी. चौदावी बेळगावशेजारच्या काकतीला, धाकट्या बहिणीकडं. अंबुबाईच्या दारातनं तो तसाच एसटी स्टँडवर गेला आणि बेळगावची बस धरली. कंडक्टरनं कन्नडमधून पिशवीत काय म्हणून विचारलं. "जुनं सामान," भरमू म्हणाला आणि पिशवी पायांमध्ये घट्ट धरली. शेजारची बाई पोरगं मांडीवर घेऊन बसली होती. पुढच्या स्टॉपला सीट रिकामी झाली तसा तो उठून मागं जाऊन एकटा बसला. पिशवी बांधलेली होती, तरी.

मालुबाई त्याला बघून दारातच थांबली. "अण्णा? आज सूर्य कुठनं उगवला? आणि ह्यो काय अवतार, अर्दा झालायस की! जेवतोस काय न्हाय?"

"जेवतोय गं."

"कुठलं जेवतोस! बस. आमटी गरमच हाय."

पोरगा कामावर गेलेला, घरात ती एकटीच. तिनं ताट मांडलं. आमटीचा टोप आणून त्याच्या पुढ्यातच ठेवला. खाली त्याची चुंबळ. भरमूनं खांद्यावरच्या झोळीतनं शेवटचा स्टँड काढला.

"मालू, ह्यो घे. ती चुंबळ दे मला."

"का?"

"जुनी झाल्या. ह्यो चांगला हाय, स्टीलचा."

तिनं स्टँड उलटसुलट करून बघितला आणि त्याच्याकडं सरकवला. "ह्यो बाजारात मिळतोय. ती तुझ्या हातची हाय. माझ्या घरभरणीला वैनी डोसक्यावर घिऊन आलती, वर पाण्याचा हंडा. ती न्हाय मी देणार."

"मालू, आईक."

"न्हाय म्हटलं न्हवं. म्हायेरचं दुसरं काय हाय माझ्याकडं? भाऊ वर्सातनं एकदा दिसतोय, त्यो बी असा."

भरमूनं भाकरीचा तुकडा मोडला. परत ठेवला. दुसरं एखादं कारण शोधलं. सापडलं नाही. तेरा घरं कारण पुरलं होतं.

"मला क्यान्सर झालाय," तो म्हणाला. "त्या दोरीनं."

आणि मग सगळंच बाहेर आलं. मधे मधे दम लागत होता, तेवढा थांबायचा, की पुन्हा. पाइप, पावडर, छातीतलं पाणी. शेवटी राजाबाई. मालुबाई चुंबळीकडंच बघत होती.

"वैनीला ठावं हुतं?"

"न्हाय. मलाबी न्हवतं, मालू. आईची शपथ."

"कारखान्यातल्या लोकास्नी?"

त्यानं तोंडावरनं हात फिरवला. मग म्हणाला, "सायेब त्या खोलीत येताना नाकाला रुमाल लावून यायचं. मला वाटायचं, आमचा वास येतोय."

मालुबाई उठली. टोप उचलून फरशीवर ठेवला. तांब्यानं चुंबळीवर पाणी ओतलं, अगदी सावकाश, सगळीकडनं. त्यानं पिशवी उघडून धरली. आत टाकताना तिचा हात किंचित थांबला. मग तिनं हात धुतले. साबण लावून, दोनदा. भावाकडं काही तिनं बघितलं नाही.

"ही निम्मीच हाय," ती म्हणाली. "मोठी हुती ती. मी उसवून दोन केल्या. एक पलीकडं अक्काताईला दिली."

भरमूनं कपाळाला हात लावला. "मी जातो तिच्याकडं. ह्यो स्टँड देतो, सांगतो कायतरी."

"कायतरी का?"

"आगं, गावात..."

"कायतरी का सांगायचं, अण्णा?"

तिनं पदर खोचला आणि मागच्या दारानं परसात गेली. भरमू उठायला लागला. जमिनीला हात टेकला, अर्धा उठला, तेवढ्यात दम कोंडला आणि परत खाली बसला. मधली भिंत छातीएवढीच. तिकडचं सगळं इकडं ऐकू येत होतं.

"अक्काताई! वाईच हिकडं ये."

"काय गं?"

"भाऊ आलाय माझा. त्याला क्यान्सर झालाय. कारखान्याच्या दोरीनं झालाय. आमची वैनी गेली, तीबी त्यानंच गेली आसंल. तुला दिली ती चुंबळ त्याच दोरीची हाय. झटकू नको, चुलीत टाकू नको. पाण्यात बुडीव आणि माझ्याकडं दे."

क्यान्सर हा शब्द एवढ्या मोठ्यानं, भरदिवसा, त्यानं पहिल्यांदाच ऐकला. दवाखान्यातसुद्धा लोक तो हळू म्हणायचे.

भिंतीपलीकडं एक कोंबडी ओरडत पळाली.

भरमू ताटासमोर बसून राहिला. ताटातल्या आमटीवर पापुद्रा धरायला लागला होता. मालुबाई आत आली नव्हती, भिंतीशीच उभी असणार, हात पलीकडं करून. तिला हाक मारावी असं त्याला वाटलं. काय म्हणून मारायची ते सुचेना.

मग पलीकडच्या परसात नळ सुटला आणि रिकाम्या बादलीत पाणी पडायला लागलं.