दहावा माणूस

त्या बाटलीने आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त जग बघितलं होतं. एका देशात औषध तयार झालं, दुसऱ्या देशात ते बाटलीत भरलं गेलं, आणि तिसऱ्या देशाने उद्या जगबुडी होणार असल्यासारखी जी खरेदी केली, त्यात ती बाटली तिकडच्या गोदामात जाऊन पडली. तिथे ती इतकी पडून राहिली, की आणखी थोडी राहिली असती तर तिला तिथलं नागरिकत्व मिळालं असतं. त्या देशात म्हणे लस एवढी झाली होती, की माणसं संपल्यावर चौकातल्या पुतळ्यांना टोचायला काढली, आणि शेवटी पुतळ्यांनीही दंड झाकून घेतले. मग कुणाला तरी आमची आठवण झाली. पण तोवर बाटलीवरची शेवटची तारीख जवळ येऊन ठेपली होती. आमच्या आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये ती पोचली आणि ती तारीख उजाडलीसुद्धा. आज संध्याकाळी केंद्राला कुलूप लागलं की आतल्या औषधाचं पाणी झालं असं समजायचं.

यातलं पुतळ्यांचं तेवढं माझ्या पदरचं. बाकीचं सिस्टरने सांगितलं, आणि सिस्टर थापा मारत नाही. तिला तेवढी उसंतच नसते.

केंद्र म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीच्या भिंतींना खांद्यापर्यंत हिरवा तैलरंग, वर चुना, आणि भिंतीला टेकून एक लांब बाक. बाकाचा एक पाय आखूड. त्यामुळे एक जण उठला की उरलेल्यांना सरकून बसावं लागायचं, आणि सगळेच उठले तरच कुणाला नीट उठता यायचं. आतल्या खोलीत फ्रिज, टेबल, आणि आडवं व्हायला एक पलंग. त्या पलंगावरची गादी माझ्या शेजारी बसलेल्या गादीवाल्याच्या हातची.

आम्ही सकाळपासून बसलो होतो आणि आम्ही नऊ होतो.

अडचण काय ती एवढीच. एका बाटलीत दहा जणांची लस. एकदा बाटली उघडली की ती त्याच दिवशी संपवायची, उरली तर फेकायची. म्हणून वरून हुकूम आला होता, की दहा माणसं समोर बसल्याशिवाय बाटली उघडायची नाही. मागे एकदा सिस्टरने कमी माणसांवर उघडली होती. उरलेलं वाया गेलं. वरच्यांनी ते वाया गेलेलं मनावर घेतलं आणि पुढची पेटी आमच्याकडे न येता दुसरीकडे गेली. तेव्हापासून सिस्टर फ्रिजकडे अशी बघायची, जशी सासरी नवी नवी आलेली सून सासूच्या कपाटाकडे बघते.

"सिस्टर," दूधवाली म्हणाली, "मी जरा अंगाने भरलेली आहे. मला दोन धरा आणि आटपा."

"मोबाइल धरत नाही हो, मावशी. नावं त्यातच भरावी लागतात, तो डोकी मोजतो."

"मग त्याला म्हणावं, डोकं तेवढं एकच आहे, पण आत विचार दोघींचे आहेत."

कुणी हसलं नाही. ती स्वतःही हसली नाही. सवयीने बोलून गेली.

गादीवाला खोकला. आमच्या गादीवाल्याचा खोकला एवढा जुना आहे, की एव्हाना त्याला मतदानाचा हक्क मिळायला हवा होता. जन्मभर कापूस पिंजून त्याची फुप्फुसं भरली, त्यात पहिल्याच लाटेत आजार त्याला गाठून गेला. डॉक्टर म्हणाले होते, या खेपेला वाचलात, पुढच्या खेपेला वाचणार नाही. त्याची मुलगी आणि जावई रोज कामाला जातात, चारचौघांत मिसळतात. म्हणून तो घरात झोपत नाही. दुकानात झोपतो, कापसाच्या ढिगाशेजारी. म्हणजे आजारापासून लांब राहायला तो खोकल्याच्या कुशीत जाऊन झोपतो. मुलगी खिडकीतून ताट देते, तो रस्त्यावर उभा राहून जेवतो. टोचून घेतलं की घरात ये, असं मुलीने सांगून ठेवलं होतं. सांगून ठेवलं त्यालाही आता जमाना झाला.

"जा की रे थापाड्या," तो मला म्हणाला. "बाहेर जाऊन एक माणूस घेऊन ये. एवढं बोलतोस, एखाद्याला पटव."

मी उठलो. बाक हलला, आठही जण सरकले.

गल्लीत न्हावी दुकानाच्या पायरीवर बसला होता. म्हटलं, चल, एकाच माणसाची कमी आहे. तो म्हणाला, "येऊन येऊन माझ्या चपला झिजल्या. कधी बाटली नाही, कधी सुया नाहीत, कधी दोन्ही आहेत तर माणसं नाहीत. आता आजारच येऊ दे. तो निदान घरपोच येतो." मी त्याला पुष्कळ सांगितलं. टोचल्यावर केस पुन्हा काळे होतात, असंही सांगून बघितलं. तो म्हणाला, मग माझा कलपाचा धंदा बुडेल, मुळीच नको.

मास्तरीणबाई शहरात जाऊन टोचून आल्या होत्या. इस्त्रीवाल्याच्या दाराला कुलूप होतं. त्याला विचारायची गरज पडली नसती, तो पहाटेच येऊन बाकाच्या टोकाला बसला असता. मागच्या लाटेत गेला. दाराबाहेर त्याची कोळशाची शेगडी अजून तशीच होती.

मी परत आलो तर नवांच्या नजरा माझ्या मागे. सिस्टर धरून नऊ.

"मिळाला?" गादीवाल्याने विचारलं.

"मिळाला होता. पण म्हणाला, गादीवाल्याचा खोकला थांबला तर आमच्या गल्लीला झोप लागणार नाही. म्हणून नाही आला."

"बस खाली," तो म्हणाला.

ऊन भिंतीवरून उतरून फरशीवर आलं होतं. सिस्टर फ्रिजचं दार उघडून बघायची आणि लावायची, जशी काही दहावी व्यक्ती आतून निघणार होती. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

गाडीतून परदेशातले एक साहेब उतरले. जगातली लस सगळ्यांना सारखी मिळते की नाही हे बघणाऱ्या कचेरीतले. उंच, शर्ट पाठीला चिकटलेला, डोळे लाल. बरोबर दुभाषी बाई. दिवसभर दुसऱ्याचं बोलून तिचा घसा बसला होता. साहेबांनी बाकाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि एक सुस्कारा सोडला. असे बाक त्यांनी बरेच बघितले असावेत.

ते काहीतरी लांबलचक बोलले.

"विचारतायत, कशासाठी थांबलात," दुभाषी बाई म्हणाली.

"एक माणूस कमी आहे," सिस्टर म्हणाली.

"कुठला माणूस?"

"कुठलाही."

मग सिस्टरने सगळं सांगितलं. साहेब मान हलवत ऐकत होते. सिस्टर बोलता बोलता थांबली आणि तिने दुभाषी बाईकडे जरा निराळ्या नजरेने बघितलं.

"तुमचं झालंय?"

"दुसरा डोस गेल्याच आठवड्यात झाला. ड्रायव्हरचाही. साहेबांबरोबर फिरणाऱ्यांना आधी देतात."

"आणि साहेबांचं?"

"तीन झालेत. चौथ्यासाठी त्यांना तिकडून सारखा मेसेज येतो. पण ते घेत नाहीत. जगातल्या सगळ्यांना पहिला मिळत नाही, तोवर मी चौथा घेणार नाही, असं त्यांचं तत्त्व आहे."

दूधवालीने पदराने तोंड पुसलं आणि साहेबांकडे असं बघितलं, जसं ती म्हैस विकत घेताना बघत असेल.

"तिसऱ्याला बरेच महिने झाले असतील मग," सिस्टर म्हणाली.

साहेबांना भाषा येत नव्हती, पण नजरा कळत होत्या. दुभाषी बाईने सांगायच्या आधीच ते एक पाऊल मागे सरकले. मग बोलू लागले. हातवारे करून, छातीला हात लावून, चांगलं व्याख्यान होईल इतकं.

"नाही म्हणतात," दुभाषी बाई म्हणाली.

"एवढंच?" मी विचारलं.

"बाकीचं तेच आहे. कारणांसकट."

"कारणं सांगा की. बसलोच आहोत."

"म्हणतात, माझ्या दंडात गेलेली लस दुसऱ्या कुणाच्या तरी हक्काची असेल."

"कुणाच्या?" सिस्टर म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "त्याला घेऊन या म्हणावं. सकाळपासून मी त्यालाच शोधतेय."

साहेबांनी फोन काढला. त्यांच्या कचेरीला विचारायचं होतं, की नवावर उघडली तर चालेल का. फोनमधून गाणं वाजू लागलं. ते एवढं चाललं, की दूधवालीने पायाने ताल धरला, आणि माझी खात्री आहे, आणखी थोडा वेळ वाजलं असतं तर फ्रिजही गुणगुणायला लागला असता. मग गाणं आपोआप बंद पडलं. तिकडे सुट्टी होती.

"हे साहेब नुसते बघायला येतात का?" गादीवाल्याने विचारलं.

"हो," दुभाषी बाई म्हणाली. "बघून वर सांगतात."

"आणि वरचे?"

"ते आणखी वर सांगतात."

सिस्टरने आतल्या टेबलावर सुया मांडायला घेतल्या. आशा म्हणून नव्हे, हाताला काम म्हणून. तेव्हा मला दिसलं, की साहेबांची नजर सुयांवर पडली आणि झटकन भिंतीवरच्या हात धुण्याच्या चित्राकडे गेली. एवढं मन लावून ते चित्र आजवर कुणी बघितलं नसेल. मी गादीवाल्याला कोपराने ढोसलं. त्यानेही बघितलं होतं.

"बाई," तो हळूच म्हणाला, "विचारा ना साहेबांना, सुईची भीती वाटते का."

"असं कसं विचारू मी?"

"मग सांगा, की मला वाटते. खोटं नाही. जन्मभर हातात दाभण घेऊन गाद्या शिवल्या, पण आपल्या अंगाला सुई म्हटली की मला बघवत नाही. त्यांना म्हणावं, शेजारी बसा. माझा हात धरा. मला बरं वाटेल."

बोलता बोलता त्याला ढास लागली. ती लवकर थांबेना. त्याने भिंतीला हात टेकला, डोळ्यांत पाणी आलं, आणि सिस्टर पाण्याचा पेला घेऊन धावली. दुभाषी बाई खोकला संपेपर्यंत थांबली. मग तिने सांगितलं. या वेळी तिने काहीच गाळलं नसावं, कारण बराच वेळ बोलत होती.

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले, बाकापाशी आले आणि बसले. नेमके आखूड पायाच्या टोकाला. बाक कलंडला आणि आम्ही नऊच्या नऊ जण त्यांच्या अंगावर घसरलो.

"दहा," सिस्टर म्हणाली आणि मोबाइल पुढे केला.

बाटली उघडायला किती वेळ लागावा? टिचकीसरशी झाकण निघालं. सगळे एकटक बघत होते. साहेब काहीतरी पुटपुटले.

"विचारतायत," दुभाषी बाई म्हणाली, "आता उघडलीच आहे, तर मी गेलो तर चालेल का."

"मग शेवटची फेकावी लागेल. त्यांच्या तत्त्वात ते बसत असेल तर जा म्हणावं."

साहेब बसून राहिले. दूधवालीने पुढे पाय पसरून वाटही अडवून ठेवली होती.

सिस्टरने गादीवाल्याला सगळ्यांत आधी घेतलं. त्याने डोळे गच्च मिटले आणि साहेबांचा हात धरला. सुई गेली, निघाली. "झालं?" त्याने विचारलं. "झालं," सिस्टर म्हणाली. तो तसाच डोळे मिटून बसला. एवढ्यासाठी एवढे हेलपाटे, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असेल. किंवा नुसताच थकला असेल.

आमचं सगळ्यांचं उरकलं आणि साहेबांची पाळी आली. तेव्हा गादीवाल्याने हात सोडला नाही. म्हणजे साहेबांनी सोडू दिला नाही. सुई बाहेर येता येता ते पांढरेफटक पडले, आणि आम्ही त्यांना उचलून आतल्या पलंगावर नेऊन टाकलं. वजन एवढं, की तीन लसी काय, तिकडच्या गोदामातलं सगळंच त्यांना दिलं असावं.

"निवांत पडा, साहेब," गादीवाला म्हणाला. "कापूस माझ्या हातचा आहे."

मग तो सिस्टरकडे वळला. "म्हणजे आज घरी झोपू ना?"

सिस्टर रिकामी बाटली कागदात गुंडाळत होती. तिने वर बघितलं नाही.

"दुसरा झाल्यावर, काका. याने निम्मंच काम होतं."

"दुसरा कधी?"

"बाटली आली की."

सगळ्यांनी पलंगाकडे बघितलं. साहेब छताकडे बघत काहीतरी बोलले.

"बघतो म्हणतात," दुभाषी बाई म्हणाली.

"बघतो, की देतो?"

"मी शब्दाला शब्द सांगतेय."

सिस्टरने फ्रिजचं दार लावलं. आत आता फक्त बर्फाच्या पिशव्या होत्या. "आली तर आपल्याकडे तारीख संपत आलेलीच येईल," ती म्हणाली. "त्यांना सांगा, तेव्हा तुम्हीही या. माणूस कमी पडेलच."

दुभाषी बाईने ते सांगितलं की नाही, कळलं नाही. साहेबांनी मात्र दंड झाकून घेतला.

मी गादीवाल्याला घरापर्यंत सोडायला गेलो. मुलगी खिडकीत ताट घेऊन उभीच होती. त्याने सिस्टरचं म्हणणं तिला सांगितलं. तिने खिडकी लावून घेतली, दार उघडलं आणि ताट उंबऱ्यावर आणून ठेवलं. निम्म्या कामाला उंबरा, असा तिने हिशेब केला असावा. तो उंबऱ्यावर बसला, पाठ घराकडे, पाय रस्त्यावर. ती आत लांब, भिंतीला टेकून बसली.

"पोरी," मी म्हटलं, "तुझ्या बापाने आज परदेशातल्या साहेबाचा हात धरून त्याला टोचून घ्यायला लावलं. साहेब घाबरून आडवा झाला आणि तुझ्या बापाच्याच गादीवर पडला."

"काका," ती म्हणाली, "निदान आज तरी थापा नका मारू."

गादीवाला घास घेत राहिला. जेवण झाल्यावर त्याने हात धुतले, उंबऱ्याच्या आत एकदा डोकावून बघितलं, आणि दुकानाची किल्ली शोधायला लागला.