सलग पाच वर्षांची अट

लोवेना आणि पॅस्को नॅनकॅरो यांचा संसार मोडला होता, हे आमच्या पोर्थगॅरो गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी बोलून दाखवत नव्हतं, कारण ती दोघं अजून एकाच छपराखाली राहत होती. प्रेमानं नव्हे, दुसरं छप्पर मिळत नव्हतं म्हणून.

बंदरावर जुनी जाळी ठेवायचं गोदाम आहे, त्याच्या माडीवर दोन खोल्या होत्या. लोवेना शाळेत स्वयंपाक करायची, पॅस्को समुद्रात खेकडे धरायचा. ती आणि त्यांची मुलगी मेरिन आतल्या खोलीत झोपायच्या, तो चुलीजवळच्या बाकावर. भांडणं केव्हाच संपली होती. भांडायला जी ओढ लागते तीसुद्धा उरली नव्हती. "किटली मोकळी आहे का?" "घे." दिवसभराचं बोलणं एवढंच.

आणि त्या दोन खोल्याही फक्त हिवाळ्यापुरत्या. आमच्या कॉर्नवॉलच्या या टोकाला बंदराकाठची निम्मी घरं सुट्टीवाल्यांची आहेत. हिवाळ्यात तिथे दिवा लागत नाही. उरलेली काही घरं मालक थंडीच्या दिवसांत आम्हाला भाड्यानं देतात आणि ईस्टर आला की रिकामी करून घेतात, कारण मग लंडनचे पाहुणे येतात. त्यामुळे दर ईस्टरला नॅनकॅरोंचं बिऱ्हाड खोक्यांत भरलं जायचं आणि ओढा ओलांडून पलीकडच्या शेतात एका कॅरव्हॅनमध्ये जायचं. पत्र्याची ती एक खोली. तिला आतलं-बाहेरचं काही नाही. एकानं कूस बदलली की तिघं जागी. पॅस्को हवा बरी असली की बोटीतच झोपायचा.

"जेना मावशी," लोवेना मला एकदा म्हणाली, "वेगळं व्हायलासुद्धा दोन दारं लागतात गं."

मी चॅपलच्या हॉलची देखभाल करते. गावातल्या सगळ्या बैठका तिथेच होतात, म्हणून हे सगळं माझ्यासमोर घडलं. जे समोर घडलं नाही, ते लोवेनानं सांगितलं.

तर झालं असं, की म्हाताऱ्या हेस्टर ट्रेव्हास्किसबाईंनी चॅपलच्या वरच्या टेकडीवरचं आपलं शेत गावाला देऊन टाकलं. "घरं बांधा," म्हणाल्या. "पण मी मेल्यावरसुद्धा ती सुट्टीवाल्यांच्या घशात जाता कामा नयेत." मग आम्ही गावकऱ्यांनी ट्रस्ट काढला. जमीन कायमची ट्रस्टची, म्हणजे गावाची, ती कोणालाच विकता यायची नाही. त्यावर घरं उभी राहायची आणि इथल्या कमाईत परवडेल अशा भाड्यानं इथल्याच माणसांना द्यायची. परवानगी आणि बांधकामाचा पैसा कौन्सिलकडून. त्या बदल्यात घर कोणाला द्यायचं याच्या अटी ट्रस्टनं आणि कौन्सिलनं मिळून ठरवायच्या.

लोवेना यात पहिल्या दिवसापासून होती. मांस-बटाटा भरलेल्या पास्ट्या भाजून विकल्या, दारोदार फिरली, कौन्सिलच्या प्रायर साहेबांच्या कचेरीत इतक्यांदा जाऊन बसली की तिथली माणसं तिला न विचारताच चहा द्यायला लागली. बाई मूळची प्लिमथ शहरातली, लग्न करून आलेली, पण गावासाठी तिच्याएवढं कोणी झिजलं नाही.

अटी ठरवायच्या बैठकीत ऑगस्टपुरते येणारे एक निवृत्त गृहस्थ उठले. म्हणाले, "आमचं इथे नऊ वर्षं घर आहे. आमच्या मुलाला अर्ज करता येईल ना?"

लोवेना ताडकन उभी राहिली. "प्रायर साहेब, लिहून घ्या. जन्म इथला हवा, नाहीतर पाच वर्षं गावच्या हद्दीत राहिलेला हवा. आणि पाच वर्षं सलग. सलग हा शब्द घाला."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

घरं बांधून व्हायला वर्षं गेली, पण झाली. सात घरं, पाठीशी टेकडी आणि समोर समुद्र. अर्ज आले तेव्हा लोवेनानं ट्रस्टच्या समितीतून अंग काढून घेतलं आणि स्वतःचा अर्ज भरला. ती आणि मेरिन, एवढीच नावं. प्रायर साहेब अर्ज तपासायला हॉलमध्ये आले होते. तिला बोलावून घेतलं. मी तिथेच कप विसळत होते.

"उन्हाळ्यात कुठे राहता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"माहीत आहे की तुम्हाला. ओढ्यापलीकडे, कॅरव्हॅनमध्ये."

साहेबांनी चष्मा काढला. "ओढ्यापलीकडे शेजारच्या गावाची हद्द लागते, लोवेना."

"अहो, ओढा आहे तो! माझी पोर उडी मारून पार करते."

"मला समजतं. पण दर वर्षी तुम्ही हद्दीबाहेर जाता. हे सलग होत नाही."

ती बघतच राहिली. मग हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "मग अट बदला ना. मी घातली, मीच काढते."

"बदलता येईल. पण करार पुन्हा कौन्सिलच्या समितीपुढे जाईल. शरद ऋतूच्या आधी ती बसत नाही. तोवर एकाही घराची चावी देता येणार नाही."

त्या घरांत कोण जायची वाट बघत होतं, ते लोवेनाला तोंडपाठ होतं. किट्टो कुटुंबाचं तान्हं बाळ ओलीनं काळ्या पडलेल्या तळघरात रात्रभर खोकत होतं. तिनं मान खाली घातली.

"तुमच्या नवऱ्याचा जन्म इथला आहे," साहेब हळूच म्हणाले. "त्यांचं नाव पहिलं घातलंत तर काही अडचणच नाही."

"पण तो माझा..." एवढं म्हणून ती थांबली. पुढचा शब्द आला असता तर नवऱ्याच्या नावावरचा अर्जही गेला असता. साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. मी नळ मोठा सोडला.

त्या संध्याकाळी ती बंदरावर गेली. पॅस्को सापळ्यांच्या दोऱ्या दुरुस्त करत होता. उत्तरेला समुद्रात पवनचक्क्या उभ्या केल्या आहेत, त्यांच्या बोटीवर त्याला काम मिळालं होतं. पगार बरा, राहायची सोय बोटीवरच. महिनाअखेरीला तो निघणार होता. तिनं सगळं सांगितलं.

"मी जाणार होतो, लो," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग नाव घाल माझं नि जाऊ दे मला."

"तसं नाही चालत. ज्याच्या जन्मावर घर मिळतं त्यानं त्यात राहायला हवं. तू गेलास तर घर जातं."

त्यानं दोरीची गाठ आवळली, पुन्हा सोडली. "म्हणजे मला बांधून ठेवणार तू."

"मला हौस आहे का रे? मी तुझ्या तोंडाकडे बघून राहते याची मला हौस आहे?"

त्यानं दोरी बाजूला ठेवली. मग त्यानं विचारलं, "मेरिनला स्वतःची खोली मिळेल?"

"नाही. दोनच खोल्या आहेत. एक आमची, एक तुझी."

"दार आहे ना खोलीला?"

"आहे."

"मग घाल नाव."

चाव्या दिल्या त्या दिवशी सगळं गाव वर लोटलं. केशराचे पाव होते, सफरचंदाचं सायडर होतं. कौन्सिलच्या फोटोवाल्यानं नेमकी हीच तिघं निवडली. "थोडे जवळ या. दादा, वहिनींच्या खांद्यावर हात टाका की!" पॅस्कोनं हात टाकला. कित्येक दिवसांत त्यानं तिला शिवलं नव्हतं. लोवेना फोटोत हसली आहे. कौन्सिलनं त्या फोटोचं पोस्टर काढलं. एक बस थांब्यावर लागलं आणि एक हॉलमध्ये, माझ्या डोळ्यांसमोर. रोज सकाळी शाळेत जाताना लोवेनाला स्वतःचा सुखी संसार बघत बसची वाट पाहावी लागायची.

ईस्टर आला. त्या वर्षी खोकी बाहेर निघाली नाहीत. मला वाटलं, आता तरी ही पोरगी मोकळा श्वास घेईल. मी पाव घेऊन गेले, तर ती जिन्याच्या पायरीवर बसलेली. घर ऊबदार, भिंतीला ओल नाही, खिडकीत समुद्र.

"काय झालं गं?"

"मावशी, तिकडून दर वर्षी कोणीतरी हाकलत तरी होतं," ती म्हणाली. "वाटायचं, या वेळी निघालो की दोघं दोन वाटांनी जाऊ. इथून कोणी हाकलणार नाही. मी मरेपर्यंत नाही."

आणि पॅस्को तिकडे फुलत चालला होता. जन्मगावात त्याला आयुष्यात पहिल्यांदा घर मिळालं होतं. त्यानं मागे बटाटे लावले, शेजाऱ्यांची फाटकं नीट करून दिली, किट्टोंच्या बाळाला खांद्यावर घेऊन गल्लीभर हिंडायचा. उत्तरेचं काम दुसऱ्या कोणाला गेलं. एकदा भांडी पुसता पुसता तो म्हणाला, "खरं सांगू का? मला इथे बरं वाटतं. आता कुठे जाईनसं वाटत नाही."

लोवेनाच्या हातात बशी होती. 'जा' म्हणायचं तिच्या ओठावर आलं होतं. पण कोणत्या तोंडानं म्हणणार? ज्या दारातून ती आत आली होती, ते त्याच्या जन्मानं उघडलं होतं.

"मग मी जाऊ?" तिनं विचारलं.

"तू कुठे जाशील?"

टोमणा नव्हता त्यात. त्यानं खरंच विचारलं होतं, आणि उत्तर दोघांनाही माहीत होतं. तिनं बशी फडताळात ठेवली. त्यानंतर ती संध्याकाळी उगाचच हॉलमध्ये येऊन बसायला लागली. खुर्च्या लावायची, पुसलेलं टेबल पुन्हा पुसायची. घरी जायची वेळ झाली की कोटाची बटणं लावायला तिला फार वेळ लागायचा.

पुढच्या हिवाळ्यात ट्रेव्हास्किसबाईंच्या शेताच्या वरच्या कोपऱ्यावर काय बांधायचं, याची बैठक भरली. प्रायर साहेब म्हणाले, "मोठी कौटुंबिक घरं सुचवतो. कौन्सिलमधून ती लवकर मंजूर होतात."

लोवेना उठली. "एकट्या माणसाची घरं हवीत."

"एकट्या माणसाची?"

"हो. एक खोली, एक चूल, एक दार."

"पण गावात ती कोणाला लागणार आहेत?" साहेबांनी विचारलं. "समितीला मला गरज दाखवावी लागेल. हात वर करा."

कोणी हलेना. आमच्या गावात एकटं असणं ही चारचौघांत सांगायची गोष्ट नाही. मग मुलीच्या जेवणघरात सोफ्यावर झोपणाऱ्या म्हाताऱ्या डिगरीनं हात वर केला. शाळेतली तरुण मास्तरीण केझाया गाडीत राहायची, तिनंही केला. आणि मग मागून, कोळी लोक भिंतीला टेकून उभे राहतात तिथून, तिसरा हात वर आला. पॅस्कोचा.

त्याचा चुलत भाऊ खिदळला. "हात खाली घे, खुळ्या! बायको पुढे बसलीय तुझी."

"तिला माहीत आहे," पॅस्को म्हणाला. त्यानं हात खाली घेतला नाही. "तुम्हा सगळ्यांनाही माहीत आहे."

हसू जिथल्या तिथे विरलं. लोवेनानं मागे वळून बघितलं नाही. तिच्या मानेवर लाली चढलेली मला दिसत होती. प्रायर साहेबांच्या पाठीमागेच ते पोस्टर होतं, खांद्यावर हात टाकलेलं. आता यांचं घर जाणार, असंच मला वाटलं. साहेबांनी पॅस्कोकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"तीन," ते म्हणाले आणि लिहून घेतलं.

बैठक संपल्यावर तिनं त्यांना दारात गाठलं. "साहेब, आमचं घर...?"

"कागदावर तुमचं लग्न आहे आणि तुम्ही एका घरात राहता. अर्जात एवढंच विचारलं होतं." त्यांनी टोपी घातली. "कोण कुठल्या खोलीत झोपतं ते कौन्सिल विचारत नाही, बाई. विचारायला लागलं, तर निम्मं कौन्सिल बेघर होईल."

तेव्हा ती हसली. या खेपेचं हसू बघवत होतं.

ती तीन घरं अजून झालेली नाहीत. नकाशे झाले. समितीनं विषय दोनदा पुढे ढकलला, मग रस्तेवाल्यांनी वळणावर हरकत घेतली. नवा करार मात्र झाला, खालच्या सात घरांनाही लागू असलेला, आणि त्यातला एकेक शब्द लोवेनानं वाचून बघितला. हिवाळी भाडेकरूंनी उन्हाळ्यात नाइलाजानं हद्दीबाहेर काढलेले महिनेही आता मोजले जातात. त्यामुळे पॅस्को वरच्या कोपऱ्यातल्या घरात राहायला गेला, तर खालचं घर तिच्या एकटीच्या नावावर होऊ शकेल. गेला तर.

त्या बैठकीच्या रात्री तिघं बरोबर टेकडी चढून घरी गेली. मेरिन मध्ये होती.

"बाबा वरच्या कोपऱ्यात राहायला जाणार?" तिनं विचारलं.

"हो," पॅस्को म्हणाला.

"मी येऊ शकेन ना?"

"रोज ये की."

"कधी जाणार पण?"

आईनं वडलांकडे बघितलं, वडलांनी आईकडे. "माहीत नाही," दोघं एकदमच म्हणाली.

घरात शिरल्यावर त्यानं बूट काढले आणि किटलीला हात लावण्याआधी विचारलं, "तू घेणार आहेस का?"

"दोघांपुरतं ठेव," ती म्हणाली. तो चहा करेपर्यंत ती स्वयंपाकघरातच थांबली.