पहिल्या पत्त्याचा मान

आमच्या लॅबच्या सर्व्हरला दुसरा पत्ता आला तो शुभ आकडा बघून. आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर मशीन ज्या आकड्यावरून ओळखलं जातं तो. इतकी वर्षं एकच होता आणि त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मग लॅबचे मालक जयदेव सेठ, त्यांचा पुतण्या सनी धंद्यात पार्टनर झाला. गाडीचा नंबर लकी, मोबाइलचा लकी, मग सर्व्हरचा का नको? शेवटी एकशे आठ येईल असा पत्ता त्याने हट्टाने मागवून घेतला. मला एकशे आठ म्हटलं की अ‍ॅम्ब्युलन्स आठवते, पण मला कोण विचारतो.

लॅब उल्हासनगर कॅम्प चारला. खाली रक्त घेतात, वर पोटमाळ्यावर मी सर्व्हर सांभाळते. रिपोर्ट तयार झाला की सर्व्हर तो आपोआप हॉस्पिटलच्या मशीनला पाठवतो. आमच्या मेलही त्याच्यावरूनच जातात. हॉस्पिटलवाले कडक आहेत. आमचा जुना पत्ता त्यांनी नोंदवून ठेवलाय, त्या पत्त्यावरून आलं तरच आत घेतात.

"नवा पत्ता लावायचा तर यादीत खाली लाव," मी सनीला सांगितलं. "बाहेर जाताना कुठला वापरायचा ते मशीनला सांगितलं नाही, तर ते वरचाच उचलतं."

"लकी नंबर नीचे कौन रखता है?" सनी म्हणाला. "देवाचा फोटो तू खाली ठेवते काय? पहिला तोच राहणार."

"मग सोमवारपर्यंत थांब. मी आधी जुन्या पत्त्याची ओळ लिहिते, मग तू काय ते कर."

तो हो म्हणाला. आणि रविवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, अगरबत्ती लावून त्याने एकशे आठला पहिल्या जागी बसवलं.

मला त्या दिवसांत भांडण नको होतं. बदलापूरला शिरगावात लॅबची शाखा निघणार होती, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ती भाविकाने, म्हणजे मी, सांभाळायची, असं सेठ सगळ्यांसमोर बोलले होते. त्यावर माझा जीव टांगून होता. माझ्या बाबांचं अर्धं अंग लुळं पडलंय. आई अंबरनाथला एमआयडीसीत पॅकिंगला जाते. दुपारी शेजारची किर्ती येऊन त्यांना भरवते, तिला वेळ मिळाला तर. नाही मिळाला तर संध्याकाळी मी जाते तेव्हा ताट तसंच झाकलेलं असतं. बाबा कधी कुरकुर करत नाहीत. फक्त विचारतात, "दुपारचे घरा कवा येशील गो बाय?"

"आता थोडेच दिवस," मी सांगायचे.

सोमवारी पोचले तर खाली फोनवर फोन. हॉस्पिटलमध्ये एका बाईला ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं होतं आणि तिचा रिपोर्टच आला नव्हता. ऑपरेशन पुढे ढकललं. आमच्याकडून रिपोर्ट निघत होते, पण एकशे आठवरून निघत होते, आणि एकशे आठला तिथे कुणी ओळखत नव्हतं. एकेक रिपोर्ट दारातूनच परत. मशीनला मी दोष देणार नाही. जो पहिला त्याला पुढे करायचं, एवढंच त्याला कळतं. मी ती ओळ लिहिली, की बाहेर जाताना जुनाच पत्ता लावायचा. अडकलेले रिपोर्ट भराभर गेले. वाटलं, आता शिरगाव पक्कं. इतकी वेडी मी.

दुपारी सेठनी केबिनमध्ये बोलावलं. सनी मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

"बेटा, हॉस्पिटलला लेखी जवाब पाहिजे, गलती कोणाची," सेठ म्हणाले. "मेल लिहिली आहे. तुझं नाव टाकलंय."

"मी सुट्टीवर होते, सेठ."

"मालूम आहे मला. पण सनी पार्टनर आहे. त्याचं नाव दिलं तर ते आपलं काम बंद करतील. स्टाफची गलती लोक माफ करतात."

"आणि शिरगाव?"

"अभी तुला तिथे इन्चार्ज कसं करू? हॉस्पिटलवाले विचारतील ना. सनी बघेल शिरगाव."

चहा सांगावा तसं बोलले. लॅबच्या पाटीवर, बँकेत, दिवाळीच्या पूजेत, सगळीकडे पहिलं नाव सनीचं. फक्त चूक बाहेर पाठवताना वरचं नाव सोडून खालचं लावायचं, हे मात्र या लोकांना कुणी लिहून द्यावं लागत नाही.

"आत्ताच पाठवली," सेठ म्हणाले. "जरा वर जाऊन बघ, पोचली काय. सकाळसारखी परत यायला नको."

मी पोटमाळ्यावर गेले. फोनवर किर्तीचा मेसेज होता, आज तिला जमलं नव्हतं. मी सर्व्हर उघडला. मेल जुन्या पत्त्यावरून गेली होती, मी सकाळी लिहिलेल्या ओळीमुळे, आणि हॉस्पिटलने ती लगेच आत घेतली होती.

"पोचली काय?" सेठनी खालून विचारलं.

"पोचली," मी म्हटलं.