निकागोरासचा पुतळा

दगडात कोरलेलं नाव काळालाही पुसता येत नाही, यावर स्पंजांचे व्यापारी निकागोरास यांची अढळ श्रद्धा होती. त्यांना मुलगा नव्हता. नाव टिकलं तर दगडातच टिकणार होतं. म्हणून नगरसभेने त्यांच्या पुतळ्याचा ठराव केला, त्याच दिवशी त्यांनी दाढी कोरून घेतली आणि शिल्पकाराची वाट पाहत आठवडाभर मान ताठ करून बसले.

शिल्पकार आला नाही. सभेचा कारकून दामातास आला आणि त्यांना चौकात घेऊन गेला.

"हा बघा शेठ, तुमचा पुतळा."

समोर एक जुनापुराणा कांस्याचा मुष्टियोद्धा उभा होता. नाक मोडलेलं, कान सुजलेले, पोट सपाट आणि अंगावर चिंधीही नाही. चौथऱ्यावर कोरलं होतं: निकागोरास, पावसियाचा मुलगा.

"हा दुसराच कोणीतरी आहे."

"होता. नाव तुमचंच आहे ना? बापाचं तेवढं बदलायचं. आणि नव्या पुतळ्याला चौकात जागा आहे कुठे?"

"अरे, पण मी जन्मात कुणाला चापट मारलेली नाही."

"मारली असं तरी कुठे लिहिलंय?"

दुपारी त्यांची बायको आर्खेनासा देवळात जाता जाता पुतळा बघून आली.

"पोट कुणाचं आहे ठाऊक नाही, पण असू दे," ती म्हणाली. "माहेरच्यांना सांगेन, लग्नात हे असेच होते."

"आणि नाक?"

"ते नंतर मी मोडलं म्हणेन."

रात्रभर विचार करून निकागोरासनी मनाची समजूत घातली. देह कुणाचा का असेना, नाव तर आपलं आहे. सकाळी ते पाटीवर वडिलांचं नाव लिहून पाथरवट सोसिक्लीसकडे गेले. तो चौथऱ्यापाशी उकिडवा बसून 'पावसिया' घासत होता.

"तिमासिओन. आणि चांगलं खोल कोर बाबा."

"खोल नको शेठ. पुढच्या वेळी घासताना जीव जातो."

"पुढच्या वेळी?"

"पहिला बाप माझ्या आजोबांनी घासला, दुसरा वडिलांनी, तिसरा मी. हा पावसिया मीच कोरलेला."

"म्हणजे पावसियाचा मुलगा मुष्टियोद्धा नव्हता?"

"छे हो. गलबतांना दोर पुरवायचा. मुष्टियोद्धा कोण होता, ते आजोबांनाही माहीत नव्हतं." सोसिक्लीसने दगडावरची भुकटी फुंकली. "तुमच्या वडिलांनी नाव मात्र सोयीचं ठेवलं. गावात अजून सहा निकागोरास आहेत."

निकागोरासनी वाकून अक्षरांवरून बोट फिरवलं. त्यांच्या नावाला कुणी हात लावलेला नव्हता. बापाच्या नावाची जागा दोन बोटं आत गेली होती.